तुम्ही विचारलंत म्हणून: चांगला कॅमेरा का मोडला?

‘चांगला जुना कॅमेरा मोडून त्याची लेन्स डिजिटलला का लावतोस?’ इतक्या जणांनी विचारलं, की आता एकदाच लिहून टाकतो.

बहुतेक वेळा मी काहीच मोडत नाही. एम४२ या जुन्या, स्क्रूसारख्या फिरवून बसणाऱ्या लेन्सला माउंटपासून (लेन्स बसते त्या जागेपासून) फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनीच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या ई-माउंटला सेन्सरपर्यंत १८. मधली जागा एक पोकळ कडं भरून काढतं. हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स मी अशीच वापरतो. कडं काढलं की ती पुन्हा झेनिट या फिल्म कॅमेऱ्यावर चढते. यात कोणाचं काय गेलं?

पण तुम्ही विचारता ते हेलिओसबद्दल नाही, याशिका इलेक्ट्रो ३५ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याबद्दल, हे ठाऊक आहे मला.

तो मावशीचा. त्याची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स बॉडीला कायमची जोडलेली. ती हवी तर कॅमेरा उघडणंच आलं. एक रोल धुऊन आणला, तर उजेडाचा हिशेब पार चुकलेला. सर्किट गेलं, असं मीच ठरवलं. रातोरात स्क्रू काढले, लेन्स सोडवली, शटरची पाती उघडी राहतील अशी अडकवली, मागे हेलिकॉइड (फोकससाठी लेन्स पुढेमागे सरकवणारं कडं) लावलं. सकाळी खिडकीतल्या कुंडीचा फोटो घेतला आणि हरखून गेलो.

सहा महिन्यांनी कळलं. या कॅमेऱ्यात रबराचा एक इवला तुकडा असतो. वर्षं सरली की त्याचा भुगा होतो आणि एक्सपोजर, म्हणजे उजेडाचा हिशेब, चुकू लागतं. खूण अगदी सोपी: फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून ‘खट्’ असा आवाज यायला हवा. मावशीच्या कॅमेऱ्यात तो येत नव्हता. मी तो लिव्हर शंभरदा ओढला असेन, आणि काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही. नखाएवढं रबर चिकटवून भागलं असतं.

मावशीनं विचारलं, “चालतो का रे अजून?”

मी म्हटलं, “फोटो छान येतात.”

येतातच. पण तिनं ते विचारलं नव्हतं.

तेव्हा मी म्हणायचो, कपाटात पडून राहण्यापेक्षा भिंगातून उजेड तरी जातो. खरोखर मेलेल्या कॅमेऱ्याबाबत मला आजही हेच पटतं. पण तो मेला हे कशावरून ठरवायचं, तिथे तेव्हाच्या माझ्याशी माझं अजून जुळत नाही.

गेल्या वर्षी तसाच दुसरा इलेक्ट्रो मिळाला, आवाज न करणारा. रबर बसवलं, लिव्हर ओढला. खट्. सध्या त्यात रोल आहे. डिजिटलवर मात्र मावशीचीच लेन्स आहे, आणि तिचे स्क्रू मी एका डबीत जपून ठेवलेत.