भाग तीन आणि भाग चार

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एखादं लेकरू अभ्यासात मागे का पडलं, असं कुणी विचारलं तर मी त्याची बुद्धी, घरचं वळण, मोबाइल हे सगळं नंतर बघते. आधी हजेरीपत्रक उघडते आणि नोव्हेंबर ते मार्चचे रकाने बघते. आमच्याकडचं निम्मं उत्तर तिथेच असतं.

जूनपासून दिवाळीपर्यंत ही मुलं रोज शाळेत येतात. दिवाळी झाली की आईवडील ऊस तोडायला साखर कारखान्याला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच मजुरांची मोजणी. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायची तर दोघांनाही जावंच लागतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी थेट बेळगाव-बागलकोटला. घरी सांभाळणारं कुणी नसलं की लेकरूही गाडीत बसतं, आणि परत येतं ते मार्च-एप्रिलात. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका झाला होता की काही कारखाने जूनपर्यंत चालले. त्या वर्षी काही मुलं थेट पुढच्या वर्गातच येऊन बसली.

चार-पाच महिने शाळा बुडाली, मग वर्षभरात भरून निघेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं होत नाही, कारण दरवर्षी बुडतो तो अभ्यासक्रमाचा तोच अर्धा हिस्सा. २०२३ मध्ये बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली होती, प्रत्येक भागात सगळे विषय. हेतू होता दप्तराचं ओझं कमी करण्याचा, पण त्यामुळे ही गोष्ट डोळ्यांना दिसायला लागली. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे पहिले दोन भाग वापरून वापरून मऊ पडलेले असायचे, कोपरे दुमडलेले, मधे मधे चित्रं रंगवलेली. भाग तीन आणि भाग चार नवेकोरे. उघडले तर शिवणही कडकड वाजायची.

आता दुसऱ्या सत्रात काय शिकवतो ते बघा. तिसरीत भागाकाराची ओळख आणि अपूर्णांक उत्तरार्धात येतात. ते हुकलं. चौथीत जूनला मूल परत बसलं तर आम्ही धरून चालतो की भागाकार येतो. त्याला तर तो कुणी दाखवलेलाच नाही. मग दिवाळीनंतर चौथीचाही उत्तरार्ध जातो. पाचवीपर्यंत अशी पोकळी थरावर थर साचत जाते. हातच्याची बेरीज पक्की, दशक मोडून वजाबाकी पक्की आणि भागाकाराची मांडणी समोर आली की पेन्सिल जागच्या जागी थांबते. अशा मुलावर ‘ढ’ म्हणून शिक्का मारणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो शिक्षकांच्या खोलीत रोज होतो, म्हणून मी हे लिहिते आहे.

चौथीतल्या एका मुलीचं सांगते. फळ्यावर ७० भागिले ५ लिहिलं की ती मान खाली घालायची. एकदा मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना फडावरच्या, म्हणजे ऊसतोड चालते त्या शेतावरच्या, गोष्टी सांगत होती. तिथे उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पेंढ्या बांधून गुरांसाठी विकतात, आणि आई फडात असली की कोपीपाशी, म्हणजे राहत्या झोपडीपाशी, विकायला हीच बसायची. मी सहज विचारलं, “पाच रुपयाला एक पेंढी दिली आणि सत्तर रुपये जमले, तर किती पेंढ्या गेल्या?” तिने वर बघितलंही नाही. “चौदा. पन्नासाच्या धा, वरच्या इसाच्या चार.”

हाच तर भागाकार. तो तिला येत होता, फक्त कागदावरची रीत माहीत नव्हती. २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला. तिथेही हेच दिसलं: बाजारातले हिशेब तोंडी चोख, तीच आकडेमोड शाळेच्या मांडणीत दिली की अडते. आणि फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांची गत नेमकी उलटी. मी त्या मुलीला आधी पन्नासाच्या दहा, मग विसाच्या चार असंच वहीत लिहायला लावलं आणि शेजारी भागाकाराची मांडणी केली. दोन्हीकडे तेच चाललंय हे कळल्यावर तिने पुढची गणितं स्वतःहून मागून घेतली.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो. ते दाखवून जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं, अशी व्यवस्था आहे. कागदावर चांगली आहे. पण कोप्या पडतात फडाच्या नाहीतर कारखान्याच्या कडेला, आणि शाळा असते दूर गावात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठतात, मागे तान्हं भावंड असतं ते थोरल्या लेकराच्याच कडेवर. झोप धड होत नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलांपुढे तर शाळा असली तरी ती कन्नड. अशा लेकराकडून अभ्यासाची अपेक्षा कुणी कशी करावी?

खरा उपाय म्हणजे मुलाने गावातच राहणं. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे झोपतं, आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. त्या मुलीच्या आजीला हे समजावायला गेले तेव्हा म्हातारीने एकच प्रश्न विचारला: “बाई, लेकरू मह्यापशी ऱ्हाईल हो, पर रातच्याला खाईल काय?” दुपारी शाळेत पोषण आहार असतो, प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरलेला. रात्रीचं काय, याचं उत्तर मिळेपर्यंत बाकी कुठल्याच बोलण्याला अर्थ नव्हता. दोन वेळच्या जेवणाची खात्री दिली आणि आजीने नातीला ठेवून घेतलं.

त्या हिवाळ्यात तिने पहिल्यांदा भाग तीन शेवटपर्यंत पुरा केला. शिकवणी लावली नव्हती, टॅब दिला नव्हता, मीही रोज शिकवते तसंच शिकवत होते. ती फक्त रोज समोर बसलेली होती, जेवलेली होती आणि रात्रभर झोपलेली होती.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही सुटली नाही तर त्याच वर्गात. परीक्षेला माझा विरोध नाही. पण एप्रिलात फडावरून आलेल्या मुलाला त्याने न पाहिलेल्या अर्ध्या अभ्यासक्रमावर प्रश्न विचारायचे असतील, तर आधी वसतिगृह वेळेवर सुरू करा. बऱ्याच ठिकाणी मंजुरी यायला गाड्या निघून गेलेल्या असतात, आणि एकदा गेलेलं मूल जानेवारीत परत आणता येत नाही. यादी ऑगस्टमध्येच तयार होऊ शकते, गावात कोण जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. मंजुरी दसऱ्याच्या आत हातात पडली पाहिजे.

कारखान्यांच्या भागात शिकवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. कोपीवरचं मूल तुमच्या वर्गात आलं की पुस्तक कुठपर्यंत झालं होतं ते त्याला विचारा आणि तिथून पुढे शिकवा, दोन पानं झाली तरी चालेल. हंगाम संपून ते निघताना कुठे थांबलात ते हमी पत्रकाच्या मागे लिहून पाठवा. जूनमध्ये आम्ही त्याच पानापासून सुरुवात करू.