कडकनाथची पिल्लं मिळवताना: माझा अनुभव

परसातल्या कोंबड्यांसाठी जात ठरवायला फार दिवस गेले नाहीत. सगळा वेळ आणि सगळा संताप गेला तो ठरवलेल्या जातीची अस्सल पिल्लं मिळवण्यात.

जात निवडताना आधी एवढंच विचारा: ही कोंबडी खुडूक होऊन स्वतः अंडी उबवते का? वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया परसात छान वाढतात, ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. पण त्या संकरातून तयार केलेल्या. त्यांची पुढची पिढी तशीच निघत नाही आणि त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत. झुंजीच्या असील जातीची मादी उत्तम उबवते, पण अंडी कमी आणि दोन नर एका खुराड्यात नांदत नाहीत. कडकनाथ म्हणजे काळ्या कातडीची, काळ्या मांसाची जात; मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरचा, ऊन सोसणारा, वर्षाला 80 ते 100 अंड्यांचा, नर पावणेदोन-दोन किलोचा. उबवण्यात मात्र त्याची मादी कच्ची. म्हणून अंडी कडकनाथची आणि उबवायला गावठी कोंबडी, हे मी पक्कं केलं. दहा माद्यांमागे एक नर पुरतो.

आता हॅचरी, म्हणजे यंत्रात अंडी उबवून पिल्लं विकणारे. पैसे आगाऊ भरा, नंबर लागेल तेव्हा फोन येईल, आणि किमान 100 पिल्लं उचलावी लागतील. वीस कोंबड्यांचं खुराडं असणाऱ्याने 100 पिल्लं ठेवायची कुठे, याला उत्तर नाही. त्यात नर-मादी वेगळे करून देत नाहीत, म्हणजे निम्मे नर गृहीत धरायचे. तारीख विचारली की ‘पुढच्या बॅचला बघू’, पुढच्या बॅचला ‘या वेळी पिल्लं कमी निघाली’. हे ऐकून ऐकून डोकं उठतं. पैसे भरण्याआधी पावतीवर पिल्लं निघण्याची तारीख लिहून घ्या. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची पहिल्या दिवसाची लस दिली आहे का, हे विचारा. आणि मूळ नर-मादी दाखवा म्हणा. टाळाटाळ केली तर तिथून निघा. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या कराराच्या योजनेत किती शेतकऱ्यांचे पैसे अडकले, ते सगळ्यांना माहीत आहे.

नर-मादी बघताना चोच उघडून जीभ बघा, तुरा आणि तळपाय बघा. काळेपणा आत तोंडापर्यंत हवा. मानेवर सोनेरी किंवा पांढुरकी झाक असली तर घाबरू नका, तेही कडकनाथचेच प्रकार आहेत. एक दिवसाचं पिल्लू निळसर काळं, पाठीवर गडद वेडेवाकडे पट्टे. पण नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. कातडीच्या काळेपणाचा गुण प्रबळ असतो, संकरातही उतरतो. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबडीत हा काळेपणा दाबणारा दुसरा गुण असतो आणि तो लिंगानुसार उतरतो. त्यामुळे कडकनाथ नर अशा मादीवर सोडला की तलंगा (तरुण माद्या) काळ्या निघतात आणि नर फिके पडतात. म्हणून विकायला ठेवलेल्या घोळक्यात नर निरखून बघा, भेसळ तिथे उघडी पडते. मादी काळ्या पायांची गावठी असेल तर मात्र दोघंही काळे निघू शकतात. तिथे आईबाप बघण्यावाचून इलाज नाही. अंडी फिकट तपकिरी किंवा सायीच्या रंगाची असतात. काळी अंडी दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

हॅचरीचा नाद सोडून मी पाळणाऱ्याकडून उबवणीची अंडी घेतली आणि सुटलो. अंडी सात दिवसांच्या आतली, स्वच्छ पण न धुतलेली घ्यावीत. निमुळतं टोक खाली ठेवावं. प्रवासातून आणली की रात्रभर तशीच राहू द्यावीत, मग रवणाला, म्हणजे कोंबडीखाली उबवायला घालावीत. गावठीखाली 10 ते 12 पुरे. टोपलीत तळाला राख, वर भाताचा पेंढा, आणि कोंबडी बसवण्याआधी तिच्या पंखांखालच्या उवा-पिसवा काढाव्यात, नाहीतर ती मधेच उठते. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा: लाल शिरा दिसल्या तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा. 21 व्या दिवशी पिल्लं.

हे आधी सांगायला हवं होतं: मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. लासोटा आणि आरटूबी या तिच्याच लसी, गंबोरो आणि देवी हे वेगळे रोग. लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो चौदाव्या, लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्या, देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात, आरटूबी आठव्या आठवड्यात. कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते, फोडली की दोन तासांत संपवावी लागते. शेजारच्या दोन-तीन घरांशी ठरवून एकाच दिवशी लस द्या, आणि दुकानातून आणताना बर्फाचा थर्मास घेऊन जा.