पुरातून वाचलेल्या बाबांच्या पेट्या

२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात ते जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं. बाबांच्या स्पीकरच्या दोन पेट्यांपैकी एक घाईत नेमकी सातव्याच पायरीवर राहिली. चार बोटंच भिजली, पण चिपबोर्डला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला, तेवढं पुरतं. तळ पुरीसारखा फुगला. मागचं लेबलही सुटून वाहून गेलं. बाबा आता नाहीत, त्यामुळे पेट्या कोणत्या कंपनीच्या हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. आईला एवढंच आठवत होतं, "तुझ्या मामानं कुवेतहून आणल्या होत्या."

गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्या खाली काढल्या. एका रिपेअरवाल्याला दाखवल्या, तर तो म्हणाला, "दादा, ह्यात काय ऱ्हायलंय? टाका भंगारात आणि होम थिएटर घ्या." मीही आतलं सगळंच नवीन बसवायच्या विचारात होतो. म्हटलं, आधी आत काय आहे ते तरी बघू.

वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, काढला. मॅग्नेटवरच्या कागदी चिकटपट्टीवर फिलिप्सची खूण, 'एडी ८', पुढचे आकडे गंजाने खाल्लेले आणि शेवटी '/डब्ल्यू ८'. तेवढं पुरलं. फिलिप्सच्या त्या नंबरांत एडीनंतर येतो तो व्यास इंचात. डब्ल्यू म्हणजे वूफर, टी म्हणजे ट्वीटर, बारीक वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, आणि शेवटचा आकडा ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा. ट्वीटर निघाला 'एडी ०१६०/टी ८', एक इंची डोम, म्हणजे घुमटासारखा. दुसऱ्या पेटीत वूफर तोच, पण ट्वीटर कागदी कोनचा (शंकूचा), बिननावाचा. आईला विचारलं तर हसली. "एका गणपतीत मंडळाला दिल्या होत्या ना! एक जळाली म्हणून बाबांनी कुठूनतरी भरून आणली." छोटा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजावर ओढला की आवाज फाटतो, आणि पहिला बळी ट्वीटरचाच जातो. म्हणजे बाबा इतकी वर्षं दोन वेगळ्या आवाजांच्या पेट्या ऐकत होते.

वूफर मीटरवर ६.८ आणि ६.९ ओहम दाखवत होते. ८ दिसले नाहीत म्हणून दचकायचं कारण नाही, मीटरच्या सेलच्या सरळ विजेवर (डीसीवर) मोजलं की आठ ओहमचा वूफर सहा-सातच दाखवतो. कोन हलवणाऱ्या तारेच्या कॉइल शाबूत होत्या. गेला होता तो कोनच्या कडेचा फोम. बोट लावलं की सुक्या शेणीसारखा भुगा. पाणी न लागलेल्या पेटीतही तेच, कारण फोम वयाने आणि दमट हवेने आपोआप सडतो. पुराला उगीच शिव्या दिल्या होत्या.

फोमच्या रिंगा ऑनलाइन मागवल्या, 'आठ इंची' म्हणून, आणि बसल्या नाहीत. आठ इंच हा ढोबळ आकडा. खरं मोजायचं ते कोनच्या कडेचा व्यास आणि पत्र्याच्या सांगाड्याचा आतला-बाहेरचा व्यास. दुसऱ्या खेपेला टेप लावून मोजूनच मागवल्या.

जुना गोंद खरवडायला एक अख्खी संध्याकाळ गेली. मग मधली टोपी ब्लेडने कापून कॉइलभोवतीच्या फटीत पट्ट्या खोचायच्या, म्हणजे गोंद वाळेपर्यंत कॉइल मधोमध राहते. पट्ट्यांना आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कापला. "माझा गुडघा स्पीकरात घातलास होय रे?" असं दोन दिवस ऐकावं लागलं. रिंग आधी कोनला, दुसऱ्या दिवशी सांगाड्याला. पट्ट्या काढून दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबला. खरखर नाही. तेव्हा कुठे श्वास सोडला. टोपी परत चिकटवली आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहिला: कोन बाहेर आला की सेलचं प्लस ज्या टोकाला लागलंय ते टोक प्लस.

फुगलेला तळ सुताराकडून कापून प्लायवूडचा करून घेतला, आतली मापं तीच ठेवून.

ट्वीटरच्या वाटेवर खालचे सूर अडवणारा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर होता. मायक्रोफॅरड या त्याच्या मापात तो ४.७ चा, पण मीटरवर ६.३ भरला. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ लावला की साधारण ४,२०० हर्ट्झपासून वरचा आवाज त्याच्याकडे जातो, ६.३ झाला की ३,२०० च्या आसपासचाच जायला लागतो, म्हणजे नको तो भार. दोन्हीकडे ४.७ चेच पॉलिप्रॉपिलीनचे (प्लास्टिक फिल्मचे) कपॅसिटर बसवले. जास्त मायक्रोफॅरडचा घातला म्हणून अपग्रेड होत नाही.

ट्वीटरचं मात्र हुकलं. बिननावाच्या जागी नवा एक इंची डोम लावला आणि पलीकडे जुना ठेवला. लावली अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. ती जुनी रेकॉर्डिंग्ज सगळी मोनो. दोन्ही पेट्यांना एकच आवाज मिळतो, म्हणून तो बरोबर मधून यायला हवा. इथे वरचा सूर आला की आवाज डावीकडे, नव्या ट्वीटरकडे सरकायचा. नवा ट्वीटर जास्त मोठ्याने बोलत होता. जीवावर आलं, पण जुना काढून डब्यात ठेवला आणि दोन्हीकडे नवी जोडी बसवली, सोबत वीज अडवणारा छोटा रेझिस्टर लावून त्यांचा आवाज जरा दाबला.

परत तीच ठुमरी लावली. आई हात पुसत दारात आली, दोन पेट्यांमधल्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिसरी पेटी कुठं लपवलीस?"