तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसोबत आम्हीही थांबायलाच हवं का?

"मुलाला सोडून जातो, दीड तासानं न्यायला येतो. चालेल ना?"

नाव नोंदवताना हा प्रश्न येतो, फाटकाशी येतो, कार्यक्रम सुरू झाल्यावर गाडीची किल्ली हातात धरूनही येतो. उद्यानातल्या निसर्ग केंद्रात कुटुंबांसाठी जे कार्यक्रम होतात, म्हणजे तळ्यातले जीव बघणं, रात्रीची फेरी, घुबडानं ओकून टाकलेल्या गोळ्यांतली हाडं वेगळी करणं, त्या सगळ्यांना मुलासोबत एक मोठं माणूस पूर्ण वेळ लागतं. मागे रांग असते, म्हणून आम्ही "नाही, थांबावं लागेल" एवढंच म्हणतो आणि पुढच्याचं नाव लिहितो. ऐकणाऱ्याला ते तुटक वाटतं, हे आम्हाला कळतं. का थांबायचं, ते नीट सांगायचं मात्र दर वेळी राहून जातं.

आधी जे कानावर येतं त्याबद्दल. "यांच्याकडे माणसं कमी, म्हणून पालकांना कामाला लावतात." हे अर्धं खरं आहे, नाकारत नाही. बारा कुटुंबं आली की वीसेक मुलं होतात आणि आमची माणसं दोन. चार वर्षांचं मूल काठावर गुडघे टेकून जाळं पुढे सरकवतं, जाळं पाण्यानं जड होतं आणि त्या ओझ्याबरोबर मूल पुढे झुकतं. तिथे हात पोचेल इतक्या अंतरावर त्याचं स्वतःचं मोठं माणूस हवं. दहा पावलांवर उभ्या असलेल्या मार्गदर्शकाचा तिथे उपयोग नाही. पण उद्या आमच्याकडे वीस माणसं आली तरी आम्ही तुम्हाला थांबाच म्हणू.

एके काळी आम्ही नेमकं उलट वागत होतो. पालकांनी बाकावर बसायचं, काठावर यायचं नाही, असा नियम होता आणि तो मोठ्या विश्वासानं केलेला होता. त्यामागची कारणं आजही खोटी ठरलेली नाहीत. मोठी माणसं मुलाच्या हातून जाळं घेतात, "थांब, मी दाखवतो" म्हणतात आणि मग दहा मिनिटं तेच दाखवत राहतात. मूल ट्रेकडे वाकायच्या आत "हात लावू नको, चावेल" येतं. नाहीतर परीक्षा सुरू होते, "याला काय म्हणतात, सांग बरं." आता फोन निघतो, फोटो काढला की दोन सेकंदांत नाव येतं, आणि नाव कळलं की मूल मान वर करतं. त्याचं बघणं तिथे संपतं. त्या प्राण्याला पाय किती, तो श्वास कुठून घेतो, हे सगळं बघायचं राहिलेलं असतं.

भिंगाचंही तेच. दहापट भिंग हात लांब करून धरलं की काहीच नीट दिसत नाही. त्याचं नाभीय अंतर, म्हणजे वस्तू स्पष्ट दिसायला ती भिंगापासून जितकी लांब हवी ते, अडीच सेंटीमीटरच्या आसपास असतं. म्हणून भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि वस्तू हळूहळू भिंगाकडे आणायची. बहुतेक मोठी माणसं भिंग वर्तमानपत्रावर धरतात तसं धरतात आणि मुलांनाही तसंच शिकवतात. (पाचच्या आतल्या मुलांना दहापट देऊच नये. तीनपट, मोठ्या तोंडाचं द्यावं.) हे सगळं पाहून आम्ही ठरवलं होतं, की मोठे लांब असले तर मुलं मोकळी होतात. मोकळी होत होतीही. पण त्या नियमाच्या बाजूनं आम्ही तेव्हा जितकं ठासून बोलायचो, ते आठवलं की आज अवघड वाटतं.

तो नियम मोडला एका ट्रेमुळे.

तळ्याच्या कार्यक्रमाची रीत अशी असते. पांढरा, उथळ ट्रे घ्यायचा. जाळं पाण्यात जाण्याआधी ट्रेमध्ये दोन-अडीच सेंटीमीटर पाणी भरायचं आणि ते त्याच तळ्याचं, नळाचं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जीवांना सोसत नाही. जाळ्याची वीण साधारण एक मिलिमीटरची, तोंड एका बाजूनं सपाट, म्हणजे ते काठाला आणि पाणवनस्पतींना घासून चालतं. चिखलात खुपसायचं नाही. वनस्पतींच्या बाजूबाजूनं इंग्रजी आठचा आकार काढत पाच-सहा वेळा फिरवायचं, मग जाळं उलटं करून ट्रेच्या पाण्यात अलगद झटकायचं. बोटांनी काही उचलायचं नाही, त्यासाठी चमचा किंवा मऊ ब्रश. मग एक मिनिट कुणी हलायचं नाही. गाळ खाली बसतो आणि आधी नुसता कचरा वाटलेल्यातला एक तुकडा चालायला लागतो. या एका मिनिटासाठी बाकीचा सगळा खटाटोप असतो.

त्या दिवशी सात वर्षांच्या एका मुलाच्या ट्रेमध्ये चार बेडूकमासे आणि चतुराचं एक मोठं पिल्लू आलं होतं. चतुर पंख फुटून हवेत येण्याआधी महिनोन् महिने, काही जाती तर वर्षानुवर्षं, पाण्यात काढतात. तिथे ते पक्के शिकारी असतात. त्यांचा खालचा ओठ बिजागरीसारखा दुमडून डोक्याखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटक्यात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांनी ते पकडतो. हे इतकं चटकन होतं, की शंभरात नव्वद वेळा बघणाऱ्याला फक्त शेवट दिसतो. म्हणून असं पिल्लू सापडलं, की ते वेगळ्या वाटीत काढायचं असतं. ते आमच्याकडून राहिलं, कारण त्या वेळी आम्ही दोघंही दुसऱ्या टोकाला, बाभळीच्या काट्यांत अडकलेलं जाळं सोडवत होतो.

त्या मुलाला ओठ बाहेर येताना दिसला.

तो ओरडत बाकाकडे पळाला, "आई, त्याचं तोंड बाहेर आलं!" आई म्हणाली, "कुणाचं तोंड?" तिला खरंच कळलं नव्हतं. मग तो हातानं करून दाखवायला लागला. कोपर दुमडून, मनगट पुढे फेकून, पुन्हा पुन्हा. आई ऐकत होती, मान हलवत होती, पण तिच्या डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. त्यानं बाकावर बोटानं चित्र काढलं. कार्यक्रम सुरू झाल्यापासून या आईनं दोनदा विचारलं होतं, "मी जरा जवळ येऊन बघू का?" आणि दोन्ही वेळा आम्हीच तिला बाकाकडे परत पाठवलं होतं.

इकडे ट्रे काठावरच्या काळ्या दगडावर होता. सुरुवातीला तिथे सावली होती. ऊन सरकलं, ट्रे उन्हात आला, आणि पाऊण तास तसाच राहिला. दोन-अडीच सेंटीमीटर पाणी तापायला वेळ लागत नाही. शिवाय पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सियसला लिटरमागे जास्तीत जास्त साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. गरम पाण्यात या जीवांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. चतुराचं पिल्लू मागच्या बाजूनं आतड्यात पाणी घेऊन तिथल्या कल्ल्यांनी श्वास घेतं. बेडूकमाशांनाही बहुतेक प्राणवायू पाण्यातूनच मिळतो. उघड्या तळ्यात ते खाली, गार थरात जाऊ शकले असते. ट्रेमध्ये खाली असं काही नसतं.

तो परत आला तेव्हा उरलेले तिन्ही बेडूकमासे पोट वर करून तरंगत होते. चतुराचं पिल्लू हलत नव्हतं. त्यानं विचारलं, "मी सोडून गेलो म्हणून मेले का?"

आम्ही सांगितलं, की नाही, ट्रे आम्ही चुकीच्या जागी ठेवला, ऊन आम्ही बघायला हवं होतं, पिल्लू वेगळं आम्ही काढायला हवं होतं. यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यानं ते मानलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आई मागे येऊन उभी राहिली होती. त्याच्याशी काय बोलावं ते तिला सुचेना, कारण ते जीव जिवंत असताना तिनं पाहिलेच नव्हते. आमचं म्हणणं त्याच्यासाठी कार्यक्रमवाल्यांचं म्हणणं होतं. तिचं म्हणणं त्याला पटलं असतं, पण तिच्याकडे म्हणण्यासारखं काही आम्ही राहू दिलं नव्हतं. आणि घरी जाताना, रात्री झोपताना, दुसऱ्या दिवशी पुन्हा हा विषय निघाला तेव्हा त्याच्याजवळ तीच असणार होती, आम्ही नाही.

त्यानंतर बाकाचा नियम गेला. पण मोठ्यांना नुसतं काठावर आणून उभं केलं तर आधीच्या सगळ्या अडचणी परत येतात, आणि आल्याच. म्हणून आता पहिली दहा मिनिटं मोठ्यांची असतात. मुलं बघतात आणि मोठी माणसं एकदा स्वतः जाळं फिरवतात. एकदा हात ओला झाला, की मुलाच्या हातून जाळं ओढून घ्यायची ओढ बरीच कमी होते. मग जाळं मुलाकडे आणि ट्रे मोठ्यांकडे. ट्रे सावलीत ठेवायचा, दर पाच मिनिटांनी पाण्याला बोट लावून बघायचं, तळ्याच्या पाण्यापेक्षा कोमट लागलं तर पाणी बदलायचं, वीस मिनिटं झाली की सगळं जिथून घेतलं तिथेच सोडायचं. सोडताना ट्रे पाण्याच्या पातळीला टेकवून तिरका करायचा, उंचावरून ओतायचा नाही. हे काम सोपं आहे, पण त्याला पूर्ण वेळ एक माणूस लागतं. डास पळवायचं मलम लावलं असेल तर हात धुऊन मगच पाण्यात घालायचे, कारण बेडकांच्या आणि त्यांच्या पिल्लांच्या कातडीतून अशी रसायनं सहज आत जातात. जाळी दुसऱ्या तळ्यावर न्यायची असतील तर आधी निर्जंतुक करून पूर्ण वाळवतो. बेडकांना मारणारी एक बुरशी आहे, १९९९ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि ओल्या सामानाबरोबर ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते.

मोठ्यांच्या गळ्यात एक कार्ड असतं, त्यावर तीन प्रश्न. काय दिसतंय? कशासारखं दिसतंय? काय प्रश्न पडतोय? मुलाला नाव सांगायचं नाही, हे तीन विचारायचे आणि मूल म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. "शेपटीला तीन पानं आहेत" असं मूल म्हणालं, तर ते टाचणीचं, म्हणजे चतुरासारख्याच पण बारीक अंगाच्या कीटकाचं पिल्लू. ती पानं म्हणजे त्याचे कल्ले. शेपटीला तीन बारीक दोरे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना फडफडणारे कल्ले दिसले तर बहुधा मेफ्लाय या कीटकाचं पिल्लू. नाव शेवटी तक्त्यावर सापडतं आणि ते मुलानं स्वतः पाहिलेल्यावरून सापडतं. फोन शेवटच्या दहा मिनिटांत.

"पण आम्हाला यातलं काही कळत नाही हो." हे तर हमखास येतं, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात संकोच असतो. तुम्हाला कळत नाही हीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे, हे आम्ही समजूत घालायला म्हणत नाही. कॉर्नेल विद्यापीठात निसर्ग अभ्यास शिकवणाऱ्या अ‍ॅना कॉम्स्टॉक यांनी १९११ साली शिक्षकांसाठी लिहिताना, "मला माहीत नाही" हे शिक्षकानं कधी आणि का म्हणावं, यावर वेगळं लिहून ठेवलंय. मुलाच्या आईनं किंवा आजोबांनी "मला नाही माहीत, थांब, बघू या" म्हटलं, की दोघं एकाच ट्रेवर वाकतात. आम्ही तेच म्हटलं तर मुलाला वाटतं, यांना माहीत आहे पण सांगत नाहीत. बरेचदा ते खरंही असतं.

रात्रीच्या फेरीत मोठ्या माणसांचा त्रास जास्त होतो, हेही लपवत नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका फोनच्या उजेडानं ती वाया जातात, सगळ्या रांगेची. वाट दाखवायला लाल उजेडाची विजेरी आम्ही देतो, तरी कुणीतरी वेळ बघतंच. अशा रात्री जुना नियम बरा होता असं आमच्यातलंच कुणीतरी म्हणतं, आणि आमच्यापाशी त्याला चटकन देण्यासारखं उत्तर नसतं. तीन वर्षांचं आणि नऊ वर्षांचं मूल एकाच मोठ्या माणसासोबत आलं, तर आमची सगळी रचना कोलमडते. नऊ वर्षांच्या मुलाला वाकून बघायचं असतं, तीन वर्षांच्याला पळायचं असतं, आणि ते माणूस एकाच्या मागे जातं.

सगळ्यात अवघड मुद्दा शेवटी ठेवला, कारण त्यावर आमच्याकडे बाजू मांडण्यासारखं फारसं नाही. ज्यांच्या घरचं कुणीही सुटीच्या दिवशी मोकळं नसतं, त्यांची मुलं या नियमामुळे फाटकाबाहेर राहतात. शेजारचे काका किंवा मावशी चालतील, मोठी बहीण अठराची असेल तर चालेल, असं आम्ही सांगतो. एका मोठ्या माणसासोबत दोन घरची दोन मुलं, इथवरही आलो आहोत. त्यापुढे नेलं की ट्रेवर पुन्हा कुणाचंच लक्ष नसतं.

म्हणून विचारलंत तर आजही "थांबावं लागेल" असंच सांगू. ज्यांना जमत नाही, त्यांच्या मुलांची नावं आम्ही वेगळ्या वहीत लिहून ठेवतो. त्या वहीचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.