आखाच्या पुढे, आखाच्या मागे

घर केवढं असं विचारलं की लोक चौरस फूट सांगतात, फार तर खोल्या मोजतात. वजन कुणी सांगत नाही. आमच्या दुसऱ्या घराचं वजन मला तोंडपाठ आहे. रिकामं ४६० किलो. गाद्या, पाणी, गॅस, भांडीकुंडी आणि घरच्यांनी 'असू दे' म्हणून आत सारलेल्या पिशव्या धरून ५८०. आकडे एका जिनिंगच्या भुईकाट्यावरचे आहेत. पुढे कपाशीचं ट्रॅक्टर, मागे कपाशीचाच टेम्पो आणि मध्ये आमची पांढरी पेटी. काट्यावरच्या पोराने पावती फाडताना 'माल' या रकान्यापाशी पेन थांबवलं, एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहिलं, 'घर'.

पेटी म्हणजे बोलेरोच्या मागे जोडून न्यायचा छोटा प्रवासी ट्रेलर. ९ फूट लांब, ५ फूट रुंद, एका आखावर दोन चाकं, पुढून उंच आणि मागे थेंबासारखी उतरत गेलेली. आत दोघं ऐसपैस झोपतात, तिसरं लेकरू आडवं मावतं. उभं राहायचं असेल तर बाहेर यायचं. सांगाडा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. चौकोनी पाइप, खाली स्प्रिंगचे पाटे, भिंतींना दोन प्लायच्या मध्ये थर्माकोल आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा. त्याचा हात टनावारी माल वाहणाऱ्या ट्रॉल्यांवर बसलेला. प्रत्येक जोडावर त्याला एक जादा अँगल मारायचा असे आणि मला तो काढायचा असे. "भाऊ, मजबूत पाहिजे ना?" मजबूत पाहिजे, पण हलकं पाहिजे, असं म्हटलं की जळगावच्या सराफाकडे जाऊन निम्म्या भावात सोनं मागितल्यासारखा तो माझ्याकडे पाहायचा.

रस्त्यावर पेटीला लोक काय काय समजतात! पारोळ्याला चहाला थांबलो तर एकाने झाकणाच्या कडीला हात घालत विचारलं, "काय काय भेटस भो? शेवभाजी शे का?" एका आजींनी डोळे तपासायचे किती घेता ते विचारलं. बाकीचे गाडी बंद पडली, टोचन लावलंय असं समजून धक्का द्यायला उतरतात. कायद्याला मात्र काही शंका नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा ट्रेलरलाही मोटार वाहनच म्हणतो. इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, तरी मोटार वाहन. म्हणजे नोंदणी आली, नंबरपाटी आली, मागचे दिवे आले. त्या कागदपत्रांची गोष्ट सांगत नाही. ज्याने असे कागद काढलेत त्याला माहीत आहे, ज्याने काढले नाहीत त्याचं मन कशाला मोडा.

हौस म्हणून चाकांवर राहायला निघायचं हे खूळ साहेबाचं. १८८५ मध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टराने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून सहलीसाठी एक घोड्यांची गाडी बनवून घेतली. नाव 'वाँडरर'. हौसेची पहिली कॅरव्हॅन म्हणून तिचंच नाव घेतात. लाकूडकाम झकास, पण वजन दोन टनांच्या घरात. आमच्या साक्रीकडचे ठेलारी पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघतात, तेव्हा घोड्याच्या पाठीवर बाज, भांडी, कोंबड्या, कधी लहान पोर, असा अख्खा संसार दोन्ही अंगांना सारखा तोललेला असतो. दोन टन ऐकून ते हसले असते. अर्थात ते हौसेने निघत नाहीत, पोटासाठी निघतात, तेव्हा ही तुलना माझ्या तोंडी फारशी शोभत नाही. हलक्या पेटीचा खरा मान मी देतो कॅनडातल्या विनिपेगच्या रे ओलेकोला. हा आधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवायच्या मागे होता. त्याच साहित्याच्या दोन अर्ध्या कवच्या एकमेकींवर बसवून १९६८ मध्ये त्याने 'बोलर' नावाचा ट्रेलर काढला, साडेचारशे किलोच्या आसपास. लहान मोटारीनेसुद्धा ओढावा असा. ही हकिगत मी जेवताना सांगितली, तेव्हापासून आमच्या घरात पेटीला टाकी म्हणतात.

आता मुद्द्याचं. पेटी किती जड यापेक्षा जड वस्तू कुठे ठेवली, यावर सगळा प्रवास अवलंबून. भरलेल्या ट्रेलरच्या वजनातलं दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर यायला हवं. आमच्या ५८० किलोंना ५८ ते ८७. त्याहून फार जास्त झालं तर गाडीचं मागचं अंग बसतं आणि हेडलाइट झाडांवरची पाखरं उठवतात. कमी झालं तर मात्र खेळ वाईट. ताशी ६०-७० ला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, शेजारून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने आणखी जोर धरतो, आणि मग ट्रेलर गाडीला चालवतो. अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नसतं, वेग वाढवून सुटायचंही नसतं. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

हे सगळं मी वाचून, आकडे मांडून पाठ केलेलं. आमच्या भाऊबंदकीत ऐंशी ओलांडलेले एक आबा आहेत. तरुणपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींना माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून बैलांची दमणी घेऊन गावोगाव जायचे. पेटी पहिल्यांदा भरून अंगणात उभी होती, तेव्हा ते काठी टेकत आले. आत डोकावले नाहीत, पत्रा वाजवून पाहिला नाही. सरळ पुढे गेले, दांडीखाली हात घातला आणि वर उचलून पाहिली. "हाई उलाळ शे, भाऊ. वजन पुढे ले." उलाळ म्हणजे मागे जड, पुढून उचलली जाणारी.

मी शेजारच्या धान्यवाल्याचा पोती तोलायचा काटा आणला. त्यावर लाकडी ठोकळा रचून दांडी हुकाच्या उंचीला टेकवली. काटा ४१ वर थांबला. आबांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तोवर मागचं झाकण उघडून सिलिंडरकडे बोट दाखवत होते.

गणित सोपं आहे. घरचा भरलेला सिलिंडर साधारण २९ किलो. तो आखाच्या मागे ४ फुटांवर होता, आणि आखापासून हुक ८ फूट पुढे. म्हणजे दांडीवरचं साडेचौदा किलो वजन एकटा सिलिंडर उचलून धरत होता. तोच आखाच्या पुढे ४ फुटांवर बांधला की तेवढंच वजन दांडीवर येतं. एक वस्तू हलवली आणि २९ किलोंचा फरक. काटा ७० दाखवायला लागला. आबांनी पुन्हा हात घातला, "आते चालू दे," म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले. फार पुढे झालं असतं तर त्यांनी 'धुरजड' म्हटलं असतं आणि बैलाच्या मानेची आठवण काढली असती. बोलेरोला मान नाही, पण मागचे पाटे आहेत.

पुढे तो सिलिंडर आम्ही काढूनच टाकला, ५ किलो गॅसचा छोटा घेतला. हलकं करायच्या नादात माणूस विचित्र होतो, हे खरं. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या पुढे जाते. १०० ची लिथियम बारा-तेरा किलोंत बसते. किंमत ऐकून मी लिथियमच्या दुकानातून एकदा परत आलो, पण मग दर उचलाउचलीला पन्नास किलो आठवायचे. पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो, त्यात सूट नाही. अर्धी भरलेली पाण्याची टाकी तर आणखी वाईट, वळणावर आतलं पाणी आपल्या मर्जीने इकडून तिकडे धावतं. म्हणून मोठी टाकी नाहीच. दोन जार, आखाच्या जरा पुढे, पट्ट्याने आवळलेले.

पाण्याच्या नळीचा प्रश्न खानदेशात पडूच नये. ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी, तिचे जॉइनर, ग्रोमेट, छोटे कॉक. जारपासून मागच्या ओट्यापर्यंत सगळं त्यातच झालं. फुटलं तर रावेरपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही कृषी केंद्रात काउंटरवरचा माणूस न बोलता पुढे सरकवतो. परदेशी ट्रेलरवाले एकेका नळासाठी आठवडाभर पार्सलची वाट पाहतात म्हणे; बघावं तर यावल-फैजपूरच्या केळीच्या बागांना विचारून. खाली जळगावची प्लास्टिक चटई, कापून बरोब्बर बसवलेली. वाळू झटकली की साफ, ओली झाली तर कुंपणावर वाळत टाकली.

स्वयंपाकघर मागे, झाकणाखाली, बाहेर उभं राहून करायचं. हा नमुना अमेरिकेतला, १९३० च्या दशकातला, पण खरं सांगायचं तर तो आमच्या फोडणीसाठीच निघाला असावा. पाच फुटी बंद पेटीत शेवभाजीच्या काळ्या मसाल्याची फोडणी दिली तर आतली माणसं पुढचा जिल्हा लागेपर्यंत खोकतील. झाकण वर केलं की डोक्यावर सावली, कमरेला ओटा, आणि ठसका वाऱ्यावर. वांगी मात्र गॅसवर भाजायची नाहीत हे घरातून बजावलेलं आहे. बांधावर कपाशीच्या काड्या मिळाल्या तर भरीत, नाहीतर पिठलं. बडगीवरून, म्हणजे भरीत कुटायच्या भांड्यावरून, आमचा वाद झाला होता. लाकडी, जड, आणि पुन्हा मागच्या ओट्यावर ठेवायची. "भरीत काय मिक्सरमध्ये करू?" यावर तोड नव्हती. बडगी आली, आणि तिच्या बदल्यात माझी खुर्ची गेली.

ट्रेलर रिव्हर्स घेणं हा वेगळाच विषय. मागचं अंग डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरला तर जिकडे हात जातो तिकडे ट्रेलर जातो, एवढी एक युक्ती पुरते. लोकांना वाटतं लांब ट्रॉली अवघड. उलट, लांब ट्रॉली सावकाश वळते, चूक सुधारायला वेळ देते. आखूड पेटी डोळ्यांदेखत काटकोनात येऊन मागच्या दिव्याला भिडते. शिवाय आपल्याकडे रिव्हर्स घेणं हा खासगी कार्यक्रम नसतो. चारजण "येऊ दे, येऊ दे" म्हणतात, पाचवा "कट मार" म्हणतो, आणि कुठला कट ते सांगत नाही. निंभोऱ्याजवळ केळी भरणाऱ्या एका पोराने मला हळूच खाली उतरवलं, मागे न बघता पेटी दोन झाडांच्या मध्ये नेऊन लावली आणि किल्ली परत देताना, "ट्रॉलीपेक्षा सोपं शे," एवढंच बोलला.

घाटात बोलायचं काम नाही. तोरणमाळचा सातपायरी घाट चढताना बोलेरो कुरकुरते, पण खरी परीक्षा उतरताना. पेटीला स्वतःचे ब्रेक नाहीत. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ते नसले तरी चालतं, मात्र ओढणारी गाडी त्याच्या दुपटीहून जड हवी, आणि बोलेरो दीड टनाच्या वर आहे. तरी मागून कुणीतरी सतत पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक दाबून-सोडून, धरून ठेवायचा नाही. खाली आलं की आधी चहा नाही, आधी चाकाच्या मधल्या तुंब्यावर हात. कोमट असेल तर ठीक. हात टिकत नसेल तर बेअरिंगचं ग्रीस संपलंय किंवा नट जास्त आवळलाय. यशवंत तलावाकाठी थंडीतली सकाळ कशी असते हे मी सांगायला नको, पण आत झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासाचं पाणी पत्र्याला आतून धरतं आणि पहाटे नेमकं कपाळावर पडतं. म्हणून छपराला एक झरोका पाडला, त्यात जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवला. रात्रभर हळू आवाजात फिरतो.

उन्हाळ्यात मात्र पेटी जागची हलत नाही. भुसावळ पंचेचाळीसच्या पुढे गेलं की थर्माकोल काय करणार. ती निंबाखाली उभी राहते, चाकाखाली दगड, दांडीखाली ठोकळा, टायरवर ओलं गोणपाट, कारण उन्हाने रबर तडकतं. बिबडे वाळत घालायच्या खाटा तिच्या सावलीत येतात. पोरं आत पत्ते खेळतात. आणि पाहुणे ती मागायला येतात.

यंदा दाजींनी मागितली. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायची, घोडे बघायचे, दोन दिवस तापीकाठी राहायचं. न्या म्हटलं, फक्त सामानाची यादी आधी पाठवा. यादी आली. गाद्या, शेगडी, लसणाची चटणी, कळण्याचं पीठ, आणि पहिल्याच ओळीत पाटा-वरवंटा. मी फोन करायला घेतला तोच त्यांचा फोन. पाटा ठेवायचाच आहे हे ठरलेलं होतं. त्यांना फक्त विचारायचं होतं, आखाच्या पुढे ठेवू की मागे.