व्हासोना तलाव: फुगवायची कयाक सरळ चालवण्याची प्रगती

कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) लॉस गॅटोस ओढ्यावर १९३५ साली बांध घालून व्हासोना तलाव केला. नौकाविहार मागाहून आला. खोऱ्यातल्या विहिरींच्या बेसुमार उपशाने जमीन खचत चालली होती, म्हणून पाणी अडवून खाली जिरवायचं ठरलं. पाझर तलाव पाहिलेल्या माणसाला आणखी समजावायला नको. पसारा सुमारे ५७ एकर, इंजिनाच्या बोटींना बंदी. म्हणजे लाटा उठल्या तर फक्त वाऱ्याच्या, आणि वल्हं सुधारायला याहून सोयीचं काय हवं! लांब पल्ल्याला मात्र हे पाणी तोकडं पडतं.

हवा: माझ्या फुगवायच्या कयाकचे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या बोटीचे, पहिले दोन-तीन फेरे यातच गेले. बोट मध्ये वाकत होती आणि दोष वल्ह्यावर ढकलला जात होता. तळाच्या कडक पट्ट्याला आणि बाजूच्या नळ्यांना वेगवेगळा दाब लागतो. तळाला साधारण ८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचं माप), बाजूंना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण आपल्या बोटीच्या व्हॉल्व्हजवळ छापलेला आकडाच खरा. काठावर उन्हात भरलेली हवा गार पाण्यावर आकसते. म्हणून बोट पाण्यात सोडल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा दाब मोजायचा गेज लावायचा. परत काठावर आणली की उलटा धोका: उन्हात दाब चढून शिवण उसवते. थोडी हवा लगेच सोडायची.

फिन: मागचा फिन, म्हणजे तळाखालचं उभं पातं, बसवल्याशिवाय ही बोट भोवऱ्यासारखी फिरते. तो बसवूनही ती डावीकडे ओढत असेल तर आधी फिनमध्ये शेवाळ अडकलंय का बघा, आणि मग बैठक मध्यरेषेवर आहे का ते. दहापैकी सात वेळा उत्तर या दोनांतच सापडतं.

वल्हं: फुगवायची बोट रुंद असते, त्यामुळे २३० सेंमीच्या आसपासची लांबी बरी. २१० सेंमीचं वल्हं वापरलं तर बोटं नळीवर घासतात. पकड ठरवायला वल्हं डोक्यावर आडवं धरा. कोपरात काटकोन झाला की हात जिथे आहेत ती जागा. पातं पावलांपाशी पाण्यात पूर्ण बुडवा, ओढ कमरेतून धड फिरवून घ्या आणि नितंबापाशी बाहेर काढा. नवख्याची चूक नेहमी इथेच होते: पातं आणखी मागे जातं, तिथे ते पाणी वर उचलतं, शेपूट ढकलतं आणि नाक वळतं. मग दुसऱ्या बाजूने दुरुस्ती, परत वळण. सापासारखी वाट.

मोजमाप असं: समोरच्या काठावरचं एक झाड धरायचं, पन्नास वल्ही मारायची आणि दिशा किती वेळा दुरुस्त करावी लागली ते मोजायचं. सुरुवातीला दर चार-पाच वल्ह्यांमागे एक दुरुस्ती होती. पातं लवकर उचलायला लागल्यावर पन्नासात तीन-चार. वेग वाढवल्याने काहीही सुधारलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

वाऱ्याची वेळ पाळा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो, तेव्हा जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना त्याच्या पाठीवर. दमल्यावर उलटं करावं लागलं तर हात भरून येतात. काठावर गळ टाकून बसलेल्यांच्या दोरीपासून लांबून जा.

उलटलेल्या बोटीत परत चढायचा सराव इथे करू नका. या तलावात पोहायला मनाई आहे. तो सराव परवानगी असलेल्या तरणतलावात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच. चालत्या बोटीत तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगावर घालणं हा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे, आणि मोठ्यांनीही घालावं.

बोट दुसऱ्या पाण्यातून आणली असेल तर धुवा, निथळा, पूर्ण वाळवा. २००८ मध्ये शेजारच्या सॅन बेनिटो काउंटीतल्या सॅन हुस्टो जलाशयात झेब्रा शिंपले सापडले, बोटींबरोबर एका पाण्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले. त्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवणीच्या घड्यांत पाणी सर्वांत जास्त साचतं. टॉवेलची सुरळी घड्यांत दाबून फिरवा, बोट अर्धी फुगवून सावलीत ठेवा. हंसांच्या विष्ठेने भरलेला तळ घासायला साधा ब्रश पुरतो.

बाकी राहिलंय आडव्या वाऱ्यात सरळ जाणं. सध्या वारा येतो त्या बाजूला रुंद अर्धवर्तुळी वल्हं मारून नाक धरून ठेवतो, पण त्यात वेग अर्धा होतो. पुढच्या फेऱ्यांत बैठक बोटाच्या रुंदीइतकी मागे सरकवून बघायची आहे.