वर्गात येणारी चिठ्ठी

तास चालू असायचा आणि दारात शिपाईमामा उभे राहायचे, हातात ऑफिसची चिठ्ठी. बाई वाचून दाखवायच्या, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." पाच-सहा जण उठायचे, बाकीचे माना वळवून बघायचे. कोण कुठल्या जातीचं, हे अख्ख्या वर्गाला अर्ध्या मिनिटात कळायचं. बाईंच्या मनात काही वाकडं नसायचं. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्या चिठ्ठीविषयी लिहायचं ठरवलं. शाळेतला भेदभाव पुष्कळदा अशा कामाच्या सवयींत मुरलेला असतो.

दाखल्यावर आणि जनरल रजिस्टरात जातीची नोंद लागतेच. जातीचं प्रमाणपत्र काढताना, पुढे जात पडताळणीत तोच पुरावा उपयोगी पडतो. ती नोंद पुसा असं म्हणणं म्हणजे त्याच मुलांचं नुकसान. नोंद ऑफिसात राहावी, वर्गात फिरू नये. नावांऐवजी हजेरी क्रमांक पुकारले की काम झालं, असं काही शाळांना वाटतं. पण दर वेळी तेच सहा क्रमांक उठले तर वर्गाला आठवड्यात उमगतं. त्यासाठी ऑफिसने शिष्यवृत्तीचे अर्ज, एसटी पास, बँक खात्याची दुरुस्ती, जन्मतारखेची पडताळणी अशी कामं एकाच यादीत घालावीत आणि त्या यादीतल्या वीस-पंचवीस जणांना मधल्या सुट्टीत बोलवावं. कागद कमी पडला तर पालकांना फोन करावा, वर्गात विचारू नये.

झाडलोटीचंही तसंच. पाळी हजेरी क्रमांकाने लावून महिन्याचा तक्ता भिंतीवर चिकटवला तरी पहिल्या आठवड्यात तो मोडतो, कारण कुणाला धुळीचा त्रास असतो, कुणाच्या घरून निरोप येतो, आणि बदली म्हणून ठरावीक मुलंच पुढे ढकलली जातात. म्हणून तक्त्यात बदलीचा रकाना हवा. कोणाच्या जागी कोणी झाडलं ते लिहिलं की महिनाअखेर सगळं उघड दिसतं. ज्याची पाळी चुकली त्याने पुढच्या आठवड्यात ती भरून द्यायची.

पोषण आहार शिजवणारी बाई दलित असली की काही पालक मुलांना घरचा डबा देऊ लागतात. इथे व्याख्यानाने फरक पडत नाही. वाढण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पालकांनी चव घ्यायची, तिची नोंद करायची, असा नियमच आहे. ती पाळी शाळा व्यवस्थापन समितीतल्या प्रत्येक सदस्यावर यावी, कुरकुर करणाऱ्यावर आधी. मुख्याध्यापकांनी मुलांच्या पंगतीत बसून त्याच पातेल्यातलं जेवावं, आणि ते रोज.

वर्गात काही हरवलं तर पहिली पिशवी कोणाची उघडली जाते? पारधी किंवा इतर भटक्या जमातीच्या मुलाची. या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1871 चा. तो 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, तरी संशय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कुणा एकट्याचीच पिशवी तपासायची नाही, हा वर्गाचा नियम असावा. तपासणी अटळच असेल तर सगळ्यांची, सुरुवात शिक्षकांच्या टेबलापासून आणि मग पहिल्या बाकापासून पुढे.

आता ज्याला भेदभाव सोसावा लागतो त्याच्या सोबतीला उभं राहण्याबद्दल. याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण महाडचं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 4 ऑगस्ट 1923 ला संमत केला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. ते सगळं कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतलं तेव्हा तो कागद जिवंत झाला. नेतृत्व बाबासाहेबांचं, मार खाल्ला तोही अस्पृश्य बांधवांनीच. पण जे स्वतः अस्पृश्य नव्हते तेही सोबत आले: सुरबानाना टिपणीसांनी त्यांच्या बाजूने नगरपालिकेतलं आपलं वजन खर्ची घातलं, अनंतराव चित्रे तयारीत राबले. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी स्वतःची जमीन दिली, आणि 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव गं. नि. सहस्रबुद्धे यांनी मांडला. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं, पुढारपण मागितलं नाही. मधल्या काळात नगरपालिकेने आपला ठराव फिरवला होता. सवर्णांनी तळ्यावरून दावाही लावला, त्याचा शेवटचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने यायला 1937 उजाडलं. इतकी वर्षं टिकायची तयारी लागते.

शाळेत प्रसंग लहान असतात. कोणी जातीवरून टोमणा मारला, "कोट्यातला" म्हणालं, ईशान्य भारतातून आलेल्या मुलीला "चिनी" म्हणालं, तर बोलायचं ते बोलणाऱ्याशी, तिथल्या तिथे, आवाज न चढवता: "हा शब्द आपल्या वर्गात चालणार नाही." ज्याला लागलं त्याच्याकडे त्या वेळी बघूही नये, नाहीतर सगळा वर्ग त्याच्याकडे बघतो. नंतर एकट्याला गाठून विचारावं, तुला काय व्हायला हवंय? त्याचं उत्तर आपल्याला पटेलच असं नाही, तरी मान त्यालाच. मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र थांबू नये. त्याच दिवशी तारीख, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावं. सगळ्यांसमोर हात मिळवायला लावून मिटवणं मला क्रूर वाटतं. त्यात दुखावलेल्या मुलाला नकार द्यायची सोयच उरत नाही.

आणखी एक खुपणारी गोष्ट. 14 एप्रिलच्या कार्यक्रमात भाषण बौद्ध मुलाने करायचं, फुले जयंतीला माळी मुलाने, शिवजयंतीला मराठा मुलाने. महापुरुषांची अशी वाटणी कोणी ठरवून करत नाही, ती होत जाते. वक्ते चिठ्ठ्या टाकून निवडावेत.

सभागृहातल्या गुणवंतांच्या फलकावर काही नावांपुढे "मागासवर्गीयांत प्रथम" असं रंगवलेलं आहे. महोत्सवानिमित्त फलक नव्याने रंगवायचा घाट आहे, तेव्हा ते शब्द काढावेत असं माझं मत. पण आधी त्या माजी विद्यार्थ्यांना पत्र टाकून विचारा. कोणाला त्या ओळीचा अभिमान असेल, तर त्याची ओळ जशी आहे तशीच राहू द्या.